आपल्या स्टार्टअपच्या 'विविधते'त नेमकं कोण मोजलं जातं?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

बाणेरला एका सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये 'पीपल ऑपरेशन्स' सांभाळते. (आईच्या भाषेत: माणसं आणणं, माणसं जाताना रडणं आणि वाढदिवसाचे केक.) आम्ही त्रेचाळीस जण. निधीच्या पुढच्या फेरीआधी गुंतवणूकदारांनी 'डायव्हर्सिटी पॉलिसी' मागितली आहे आणि ती लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय.

लिहायला बसले की ८ मार्च आठवतो. आमच्याकडे कार्यक्रम झाला. तीन पाहुण्या, सगळं इंग्रजीत, जांभळे कपकेक, प्रत्येकीला एक गुलाब. शेवटी कुणीतरी ओरडलं, "सगळ्या लेडीज फोटोला या!" आम्ही अकरा जणी भिंतीपाशी उभ्या राहिलो. साफसफाईच्या मावशी कचऱ्याची पिशवी घेऊन तिथेच होत्या. फ्रेममध्ये येऊ नये म्हणून त्या बाजूला सरकल्या, तर एकीनं त्यांच्याच हातात फोन दिला. फोटो मावशींनी काढला. छान आलाय, लिंक्डइनवर आहे.

त्या दिवशी माझ्या हे लक्षातही आलं नाही. गेल्या आठवड्यात पॉलिसीसाठी तोच फोटो शोधत होते तेव्हा डोक्यात आलं, मजल्यावर बायका बारा होत्या. आणि अकराजणींची यादी काढली तर नऊ जणी पुण्यातल्याच तीन-चार कॉलेजांतल्या, एकमेकींच्या ओळखीनं आलेल्या. मीही त्यातलीच.

तर प्रश्न असा, की 'आमच्यासारख्या बायकांची संख्या वाढवा' याच्या पलीकडे जाणारं काही तुमच्या कंपनीत कुणी केलंय का? वेबसाइटवरची भाषा नको, ती माझ्याकडे पोतंभर आहे. प्रत्यक्ष काय केलं आणि काय फसलं ते सांगा.

दुपारची_झोप | सोमवार, रात्री १०:०२

विषय बघता बुधवारपर्यंत शंभरी नक्की. जागा धरून ठेवतो. चहा कोण टाकतंय? (कृपया कुणा भगिनीकडे बघू नये.)

कोथरूडचा_गणू | सोमवार, रात्री १०:३१

राग येईल, तरी लिहितो. माझी कंपनी चौदा जणांची, भाड्याच्या बंगल्यात. बँकेत सात महिने पुरतील इतके पैसे. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि कायदा दहा माणसांपासून लागू. रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून. वर तिच्या जागी सहा महिन्यांसाठी दुसरा माणूस आणायचा, शिकवायचा. चौदातली एक जरी रजेवर गेली तरी माझं गणित कोलमडतं.

मी मुलाखतीत कुणालाही 'लग्नाचं काय' असं विचारत नाही. पण मनात येतच नाही म्हणालो तर ते खोटं होईल. पैसेवाल्यांनी पॉलिसी लिहाव्यात, मला आधी महिनाअखेर गाठायची असते.

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०:४४

गणूंनी निदान खरं लिहिलं. बाकीचे असंच वागतात आणि गुलाब वाटतात.

रेघोट्या | सोमवार, रात्री ११:२०

गणू, तुमच्या मनात येतं ते आमच्या पगारपत्रकात कसं उतरतं ते सांगते. मी डिझाइनर. आधीच्या एका कंपनीत (नाव नको) पगार थोडा कमी, पण ईसॉप (पगारासोबत कंपनीचे शेअर) मिळतील असं ठरलं होतं. नेहमीचंच, चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं शेअर नावावर, पहिल्या वर्षाचा क्लिफ. म्हणजे वर्ष पुरं झाल्याशिवाय हाती भोपळा. दहाव्या महिन्यात मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. परत आले तेव्हा कळलं की करारात एक ओळ आहे, 'दीर्घ रजेच्या काळात व्हेस्टिंग थांबेल', म्हणजे शेअर नावावर होणं. माझं वर्ष सहा महिने उशिरा पुरं होणार होतं. त्याआधीच टीमची फेररचना झाली आणि माझी जागा उरली नाही.

कायद्यानं रजेचा पगार दिला होता, एक रुपया बुडवला नव्हता. बुडालं ते ज्याच्यासाठी स्टार्टअपमध्ये जातात ते. त्या ओळीत 'बाई' हा शब्दसुद्धा नव्हता हो! माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलानं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे घेतले, ती 'दीर्घ' धरली गेली नाही.

रानजाई, पॉलिसी बाजूला ठेवा आणि आधी ईसॉपचा करार उघडून ती ओळ शोधा.

नाना_पिंपरीकर | मंगळवार, सकाळी ६:१२

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांमध्ये बत्तीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. तेव्हा ह्यूमन रिसोर्स वगैरे नव्हतं, 'टाइम ऑफिसातले साहेब' होतो.

कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. तीसहून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवंच. मी जिथे सुरुवातीला होतो तिथे बायकांचा आकडा कायम अठ्ठावीस-एकोणतीस. एक निवृत्त झाली की एक भरायची. तिसाव्या अर्जावर साहेब लाल पेन्सिलनं फुली मारायचे. कुठल्याही कागदावर 'बायका नकोत' असं लिहिलेलं नव्हतं. मीच ते अर्ज परत पाठवायचो, हे आता लिहायला लाज वाटते.

आता बाळंतपणाच्या कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघर पन्नास कर्मचाऱ्यांवर आलं, आणि तेही एकूण कर्मचारी, फक्त बायका नव्हेत. त्यामागचं डोकं मला आवडलं. बाया कमी ठेवून सुटका नाही. पण आता एकोणपन्नासवर थांबणारे निघतील.

गणूबाळ, अजून एक. तुमच्याकडे महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेली कुणी असेल आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) भरत असाल, तर तिच्या बाळंतपणाचे पैसे ईएसआय देतं, तुम्ही नाही. तुमचं गणित फक्त जास्त पगारवाल्यांना लागू. आधी नीट मांडा, मग कोलमडू द्या.

दुपारची_झोप | मंगळवार, सकाळी ९:५०

सकाळी सहाला नानांची पोस्ट आणि त्यात लाल पेन्सिल. दिवसाची सुरुवात झाली.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १२:०५

मी धायरीतून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि काळा मसाला ऑनलाइन विकते. मूळची सोलापूरची, शाळा मराठी माध्यम. सोळा जणी कामाला आहेत, बहुतेक चाळिशीपुढच्या. माल आठ राज्यांत जातो. तरी मी 'स्टार्टअप' आहे का, हेच मला सिद्ध करावं लागतं. पुरुषानं डबाबंद चिवडा विकला की डी-टू-सी (थेट ग्राहकाला विकणारा) ब्रँड. मी विकलं की, "वा, छान गृहउद्योग आहे हो तुमचा!"

गृहउद्योग शब्दाचा राग नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजच्या पिच डेकमध्ये (गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात) ते बसलंच नसतं, कारण नफा बायकांमध्ये वाटायचा होता, विकून बाहेर पडायचं नव्हतं.

निधीसाठी एकदा कोरेगाव पार्कात गेले होते. वेळ संध्याकाळी आठ, सोबत बिअर. मी धायरीहून दोन बस बदलून पोचले. पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दुसरा, "एखादी बॅच खराब झाली तर?" तिसरा, "मोठ्या कंपनीनं हेच काढलं तर?" माझ्या आधी प्रोटीन बार घेऊन आलेल्या मुलाला विचारलं होतं, "पाच वर्षांत कुठे पोचाल?" आणि मला प्रश्न विचारणारी बाईच होती.

रानजाई | मंगळवार, दुपारी १२:४०

शेंगाचटणी, हे तुमच्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही. अमेरिकेत डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध स्टार्टअप स्पर्धेतले गुंतवणूकदारांचे प्रश्न तपासले होते. पुरुषांना 'किती वाढाल' आणि बायकांना 'बुडणार नाही ना' असा कल दिसला. प्रश्न विचारणारी बाई असली तरी फरक नव्हता. 'निवड समितीत एक महिला घ्या' हे माझ्या मसुद्यातलं तिसरं कलम होतं. आता काय करू त्याचं?

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १:१०

राहू द्या. फक्त सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्या. आम्ही दहावीत तशीच सोडवली होती.

मेथीचा_मुटका | मंगळवार, दुपारी १:२२

अवांतर: कडक भाकरी भिजवायची कशात? आमच्याकडे आमटीत चुरतात आणि घरात वाद आहे.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १:३०

आमटीतच. वाद संपला.

दुपारची_झोप | मंगळवार, दुपारी ४:०५

दुपारी एक ते चार या धाग्यावर कुणी भांडलं नाही याबद्दल पुणेकरांचे आभार. पण भाकरी दुधातही...

गोधडी | मंगळवार, रात्री ९:१५

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी धाराशिवकडची. बॅकएंडवर काम करते, सात वर्षं झाली. दलित आहे. हे वाक्य ऑफिसात कधी म्हटलेलं नाही. इथे टोपणनाव आहे म्हणून.

रानजाई, तुम्ही लिहिलंत की नऊ जणी ओळखीनं आल्या. तिथेच सगळं आहे. आमच्या कंपनीत 'रेफरल बोनस' आहे. मैत्रीण आणा, पंचवीस हजार घ्या, मुलगी आणली तर जास्त. फार पुरोगामी. माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणींची नावं मी दोनदा दिली. मुलाखतीत 'टेक्निकली चांगली आहे, पण कल्चर फिट वाटत नाही' असं उत्तर आलं. एकीला विचारलं होतं, सुट्टीत काय करतेस, ट्रेकिंग वगैरे? ती सुट्टीत गावी जाते, सोयाबीन काढायला. ते ट्रेकिंगमध्ये बसत नाही.

आडनाव विचारण्याचे प्रकार मजेशीर असतात. 'मूळ गाव कुठलं?' 'म्हणजे तुमच्यात लग्नं कशी होतात?' 'नॉनव्हेज खातेस? कुठलं-कुठलं?' फ्लॅट बघताना हेच, ऑफिसात जेवताना हेच. फक्त ऑफिसात हसत विचारतात. आणि हे विचारणाऱ्यांत ८ मार्चला गुलाब घेणाऱ्या बायका जास्त असतात. पुरुष तेवढी चौकशी करत नाहीत, त्यांना इंटरेस्ट नसतो.

कार्यक्रमात 'आपण सगळ्या एकच लढाई लढतो आहोत' असं म्हणतात तेव्हा मी टाळ्या वाजवते. मनात म्हणते, तुमची लढाई खुर्चीसाठी आहे, माझी अजून आडनावावर अडलेली आहे.

सरळ_रेष | मंगळवार, रात्री ९:४८

यात जात कुठून आली? विषय स्त्रियांचा आहे. कोड लिहिताना कम्पायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) जात विचारत नाही. गुणवत्ता असेल तर कुणी अडवत नाही. सगळीकडे हेच आणलं की मूळ मुद्दा पातळ होतो.

गोधडी | मंगळवार, रात्री ९:५५

कम्पायलर मुलाखत घेत नाही हो.

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ९:५७

+१००

पुढची_तारीख | मंगळवार, रात्री ११:०५

वकिली करते, त्यामुळे सरळ_रेष यांना एक खटला सांगते. १९७६ चा, अमेरिकेतला. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या. कंपनीनं अनेक वर्षं कृष्णवर्णीय बायका घेतल्याच नव्हत्या, मग थोड्या घेतल्या आणि मंदीत 'शेवटी आले ते आधी जातील' म्हणून काढल्या. कंपनी म्हणाली, आमच्याकडे बायका आहेत की. होत्या, पण गोऱ्या, ऑफिसात. कृष्णवर्णीय पण आहेत की. होते, पण पुरुष, कारखान्यात. कोर्ट म्हणालं, बाई म्हणून दाद मागा किंवा वंश म्हणून, दोन्ही मिसळून नवी जमात तयार करता येणार नाही. खटला हरल्या. याच खटल्यावर बोट ठेवून कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' (एकाच माणसावर दोन भेदभाव एकत्र येणं) हा शब्द मांडला. दोन यादींत मोजलं की दोन्ही आकडे बरे दिसतात आणि त्या पाच जणी कुठल्याच यादीत नसतात.

आपल्याकडे यासाठी अमेरिकेत जायचीही गरज नाही. १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे प्रत्येक भाषणात येतं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं चौदाव्या वर्षी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, तो कमी भाषणांत येतो. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात किती हाल होतात, असं ती त्यात लिहिते. बाळंतपण आणि जात एकाच वाक्यात. याच पुण्यात.

सरळ_रेष | मंगळवार, रात्री ११:३०

खटला माहीत नव्हता. बाकी मत तेच आहे. दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटनाही पुण्यातच २००५ साली निघाली, म्हणजे वाटा आहेत. प्रत्येक कंपनीनं जात मोजावी असं म्हणणं असेल तर मला ते भयंकर वाटतं.

गोधडी | बुधवार, सकाळी ८:२०

मोजू नका. मलाही नाही आवडणार कुणी मोजलेलं. फक्त रेफरलवर माणसं घेणं कमी करा आणि 'कल्चर फिट'च्या रकान्यात तीन ओळी कारण लिहायला लावा. कारण लिहावं लागलं की निम्मे लोक 'फिट' होतात. आमच्या आताच्या मॅनेजरनं एवढंच केलं, भाषण वगैरे काही दिलं नाही. माझ्या दोन मैत्रिणी आता आमच्याकडेच आहेत.

टॉकबॅक | बुधवार, सकाळी ११:००

बायकांच्या धाग्यात घुसतोय, पण विषय 'कोण मोजलं जातं' असा आहे म्हणून. मी पूर्ण अंध आहे, प्रोग्रॅमर आहे, स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करतो. एका स्टार्टअपची ऑनलाइन परीक्षा दिली. कॅमेरा चालू ठेवायचा होता. दहाव्या मिनिटाला बंद पडली. कारण आलं: 'उमेदवाराची नजर स्क्रीनवर नाही'.

ईमेल केला. फार वाईट वाटलं त्यांना. 'आम्ही विविधतेला खूप महत्त्व देतो' असं उत्तर आलं. दुसरी परीक्षा काही आली नाही.

माझी बायकोही अंध आहे, तीही याच क्षेत्रात. तिला जिथे नोकरी मिळाली ते ऑफिस एका जुन्या बंगल्याच्या गच्चीवरच्या मजल्यावर, जिना गोल, कठडा नाही. ती म्हणते, महिला दिनाला बोलावतात तेव्हा मी 'प्रेरणा' असते आणि दिव्यांग दिनाला पण. एरवी मला फक्त कठडा हवा होता.

दुपारची_झोप | बुधवार, सकाळी ११:२०

'नजर स्क्रीनवर नाही' वाचून हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. दोन्हीबद्दल माफी.

टॉकबॅक | बुधवार, सकाळी ११:२४

हसा हो. आम्ही घरी वर्षभर हसतोय त्यावर. ती चहात साखर विसरली की मी म्हणतो, नजर स्क्रीनवर नाही.

चंद्रकोर | बुधवार, दुपारी ४:४०

मी ट्रान्स स्त्री आहे. थोडक्यात लिहिते, कारण मोठं लिहिलं की लोक मुलाखत घ्यायला लागतात.

कंपनीनं माझं स्वागत फारच उत्साहानं केलं. नव्या नावाची पाटी, ईमेलखाली सर्वनामं, सगळं. मग पार्श्वभूमी तपासणी करणाऱ्या एजन्सीनं माझ्या जुन्या ऑफिसात फोन करून जुन्या नावानं चौकशी केली आणि तिथे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. फॉर्मवर 'पूर्वीचं नाव' असा रकाना होता आणि तो कोण-कोण वाचणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

२०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं. त्यानंतर आधार, पॅन, बँक, पीएफ, पदवी, प्रत्येकाची रांग वेगळी. माझ्या एचआरमधल्या एका मुलीनं दोन अर्ध्या दिवसांची सुट्टी रजेत न धरता दिली आणि पीएफच्या अर्जावर स्वतः पाठपुरावा केला. पाटीपेक्षा मला ते जास्त लक्षात आहे.

स्त्रियांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून घेतलेलं नाही. 'काही जणींना अवघडल्यासारखं होईल' म्हणे. असो.

नियामक | बुधवार, संध्याकाळी ६:१५

वरच्या प्रतिसादानंतरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. प्रसाधनगृहावर चर्चा करायची हौस असेल तर महापालिकेला पत्र लिहा, शहराला गरज आहे.

रेघोट्या | बुधवार, संध्याकाळी ६:४०

नियामकांना चहा.

कोथरूडचा_गणू | बुधवार, रात्री १०:५०

परत आलोय. मत बदललं म्हणणार नाही. पण नानांनी सांगितल्यावर हिशेब खरंच मांडला. चौदापैकी पाच जण ईएसआयच्या मर्यादेत आहेत, मला माहीतच नव्हतं, सीए बघतो. उरलेल्यांसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकायची असं ठरवलं, मशीन बंद पडेल म्हणून टाकतो तशी. ('मशीन' शब्दावर तुटून पडू नका, रात्र झालीय.) सरकारनं वाटा उचलायला हवा, हे माझं म्हणणं कायम.

आणि ईसॉपचा करार उघडला. 'दीर्घ रजा' आहे त्यात. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना होता, वाचलाही नव्हता. वकिलाला फोन केलाय.

रेघोट्या | बुधवार, रात्री ११:०२

गणू, ओळ काढलीत की इथे येऊन सांगा. मी भाकरी खाऊ घालते, शेंगाचटणीकडून मागवून.

पुढची_तारीख | गुरुवार, सकाळी १०:१०

रानजाई, सगळे फिरून आले, आता तुमच्या बाराव्या बाईकडे येते. पॉलिसीत 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या काय केली आहे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून बघा. त्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारीवर, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, पगारी-बिनपगारी, सगळे. तक्रार करणारी बाई तुमच्या पगारपत्रकावर असायचीही अट नाही. म्हणजे तुमच्या अंतर्गत समितीच्या दारात मावशी आजही येऊ शकतात. त्यांना हे कुणी सांगितलंय का? भिंतीवरची नोटीस कुठल्या भाषेत आहे?

शेंगाचटणीताई, तुम्हीही दहाच्या वर आहात, समिती केलीत का? नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

शेंगाचटणी | गुरुवार, सकाळी १०:४५

नाही केली. सगळ्या बायकाच म्हणून वाटलं गरज नाही. पण टेम्पोवाले, पॅकिंगचा माल आणणारे येतात की. करते.

रानजाई | गुरुवार, रात्री ८:३०

नोटीस इंग्रजीत आहे. पॅन्ट्रीच्या दाराआड आहे, दार उघडं असलं की दिसत नाही.

आज मावशींबरोबर बसले. आधी त्या उभ्याच राहिल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, काय चुकलं का?" त्यांना महिला दिनाबद्दल विचारलं. गुलाब त्यांनाही मिळाला होता म्हणे, उरलेला, घरी नेला, नातीनं वेणीत माळला. फोटोचं त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं. मला काय-काय वाटलं होतं ते माझ्यापाशीच राहिलं.

मग म्हणाल्या, "तुम्ही विचारताच आहात तर माझा पीएफचा नंबर काढून द्याल का? तीन वर्षं कापतात. कुठे जातं माहीत नाही."

मला तीन वर्षांत त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. आज विचारलं.

नाना_पिंपरीकर | शुक्रवार, सकाळी ५:५८

कंत्राटदाराकडे गेल्या वर्षाचं चलन आणि त्यासोबतचं नाववार विवरण मागा. फक्त चलनाची पावती दाखवतील, ती घेऊ नका, त्यावर नावं नसतात. कंत्राटदारानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे तुमच्या कंपनीवर. हे वाक्य तुमच्या फायनान्सवाल्याला जसंच्या तसं ऐकवा, दोन दिवसांत कागद हलतील. यूएएन (पीएफचा नंबर) मिळाला की पासबुक उमंग ॲपवर दिसतं.

रानजाई | पुढचा बुधवार, रात्री ९:१०

कागद तीन दिवसांत हलले. पैसे भरलेले आहेत, दोन महिने सोडून. ते दोन महिने कंत्राटदार 'बघतो' म्हणालाय, फायनान्सनं त्याचं बिल अडवलंय. यूएएन निघाला. पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर मुकादमाचा आहे, ओटीपी त्याच्याकडे जातो. बदलायला अर्ज केलाय. मावशी रोज विचारतात.

ईसॉपमधली ओळ आमच्याकडेही होती. काढायला संचालक तयार आहेत. रेफरल बोनस बंद करायला नाहीत, फक्त निम्म्या जागा बाहेर जाहिरात देऊन भरायच्या एवढं मान्य झालं. 'फिट'ला तीन ओळी कारण, हे मात्र लगेच मिळालं, फुकट असल्यामुळे. कॅमेऱ्यावाली परीक्षा आम्हीही वापरतो, टॉकबॅक, ती बदलायचं चाललंय, अजून ठरलं नाही. नोटीस मराठीत झाली आणि दाराआडून निघून डब्यांच्या कपाटाशेजारी आली.

पॉलिसीचं पहिलं कलम २०१३ च्या व्याख्येवरून घेतलं. संचालकांनी वाचलं आणि विचारलं, "मग आपण एकूण किती जण?" मावशी, दोन वॉचमन, एक ऑफिस बॉय धरून सत्तेचाळीस, मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प होते.

दुपारची_झोप | पुढचा बुधवार, रात्री ९:२५

म्हणजे आणखी तीन माणसं घेतली की पाळणाघर. नाना, लक्ष ठेवा, कुणी लाल पेन्सिल काढतंय का.

नाना_पिंपरीकर | पुढचा गुरुवार, सकाळी ६:०५

ठेवलंय. रानजाई, दर महिन्याला आकडा इथे टाकत जा.